खाऱ्या वाळूची कॉलनी

आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीत कुणाच्याही घरी जा, निघताना पिशवीत चार आंबे पडल्याशिवाय सुटका नाही. नको म्हणून चालत नाही. विम्याच्या ऑफिसात नोकरी केली की किश्शांचं तसंच होतं. आपण मागत नाही, लोक देत राहतात. मी टायपिस्ट म्हणून लागले ती निवृत्त होईपर्यंत त्याच ऑफिसात राहिले, आणि तोवर ही पिशवी इतकी जड झाली की आता चारचौघांत बसले की ती उतरवून ठेवल्याशिवाय मला बरं वाटत नाही. सून म्हणते, "आई, तेच तेच सांगता." सांगते. ऐकायचं नसेल त्याने आत जाऊन चहा टाकावा.

आज फक्त खाऱ्या वाळूच्या कॉलनीचे किस्से सांगते. ऐकताना हसू येईल, पण त्या वर्षी आम्हाला कुणालाच फारसं हसू येत नव्हतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमची शाखा बाजारपेठेत, एका काजूवाल्याच्या दुकानावर. दिवसभर भाजलेल्या काजूचा वास आणि काजू खायचे म्हटलं तर ऐपत नाही, अशी नोकरी. शाखेचे मॅनेजर मानेसाहेब, सांगलीकडचे. माणूस चांगला, पण नियम म्हणजे नियम. त्यांच्यानंतर नाना सावंत. घरांचे विमे नाना करायचे. आग, वादळ, पूर, वीज, सगळं एकाच पॉलिसीत, आणि त्यातला शब्दन् शब्द नानांना पाठ. आणि तिसरी मी, घाणेकरबाई. नाना मात्र मला "बाय" म्हणायचे, घरातल्या पोरीला म्हणतात तसं.

मांडवीच्या पलीकडे तेव्हा एक नवी कॉलनी झाली होती. शाळामास्तर, कारकून, बोटीवर नोकरी करणारे, अशा लोकांची. सगळ्यांनी भिंती आपल्या जांभ्याच्या बांधल्या, पण वर कौलं नकोत, स्लॅब पाहिजे. स्लॅब म्हणजे मुंबई! तिथेच नानांनीही घर बांधलं, बँकेचं कर्ज काढून.

सिमेंट त्या काळी परमिटवर मिळायचं. परमिटासाठी कचेरीच्या इतक्या खेपा व्हायच्या की सिमेंटची गोणी दारात आल्यावर तिला ओवाळायचं तेवढं बाकी राहायचं. त्या दमछाकीत वाळूकडे बघायचं त्राण कुणात उरलं नव्हतं. ठेकेदाराने नदीची वाळू म्हणून सांगितलं आणि खाडीच्या तोंडाची खारी वाळू घातली, तीही न धुता. खारी वाळू स्लॅबात गेली की आतलं लोखंड गंजतं, फुगतं, आणि खालून ढपले सुटायला लागतात. हे शहाणपण आम्हाला नंतर आलं.

*

ते कसं आलं ते सांगते.

एक दिवस बोटीवरचे मयेकर ऑफिसात आले. अंगाने धिप्पाड, पण चेहरा पांढराफटक. हातातला रुमाल त्यांनी नानांच्या टेबलावर सोडला. आत काँक्रीटचा ढपला, आणि त्याला चिकटलेला पाळण्याचा हूक.

"नातीचा पाळणा," मयेकर म्हणाले. "सुनेने नुकतीच उचलली होती तिला. दूध पाजायला. हे उशीवर पडलं."

साहेब केबिनमधून उठून बाहेर आले. त्यांनी स्वतः मयेकरांना पाण्याचा ग्लास दिला आणि फार हळू आवाजात विचारलं, "पॉलिसी कधी काढलीत?"

मयेकरांनी एका दमात पाणी प्यायलं.

"आत्ता काढायलाच आलोय साहेब."

मयेकरांनी बोटीवरच्या पगारातून घर बांधलेलं, कर्ज नाही, त्यामुळे विमा काढायला लावणारं कुणी नव्हतं. साहेब त्यांना समजावत होते, की बाबा रे, नुकसान झाल्यावर विमा काढता येत नाही, तेवढ्यात नानांनी तो ढपला उचलला आणि जिभेला लावला.

"खारट आहे," नाना म्हणाले. "मयेकर, तुमच्या स्लॅबची वाळू कुठली?"

"तुमचीच की. तुमच्या माझ्या स्लॅबला एकाच ट्रकाने आली होती. विसरलात?"

नानांनी त्या दुपारी डबा उघडला नाही. काकींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, बांगड्याचं तिखलं दिलं होतं, वासावरून कळत होतं. मी म्हटलं, "नाना, जेवा." तर म्हणाले, "बाय, तू खा. माझ्या तोंडाची चव गेली."

*

मग वरच्या ऑफिसातून हुकूम आला. त्या कॉलनीतल्या एकाही घराची पॉलिसी तपासणीशिवाय पुढे चालू करायची नाही. इंजिनिअर येईल, हातोडीने स्लॅब वाजवून बघेल, पोकळ वाजला तर विमा बंद.

आता विमा बंद म्हणजे काय, ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घर बँकेकडे गहाण. बँक म्हणते, विमा असला पाहिजे. विमा नसेल तर कर्ज एकदम परत करा. कारकुनाने ते करायचं कुठून? घर विकून. आणि ढपले पडणारं घर घेणार कोण?

नानांची पॉलिसी मृगाच्या आधी संपत होती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की एक वर्ष निभावू दे. तेवढ्यात कसंही करून स्लॅब काढून कौलं घालतो. पण ते एक वर्ष द्यायचं कुणाच्या हातात? नाना आयुष्यभर लोकांना नियम सांगत आलेले, आता तेच नियम त्यांच्या दारात उभे.

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"सावंत, तुमचं घर मी इथल्या माणसाकडून तपासून घेणार नाही. तुम्ही माझ्या ऑफिसातले. उद्या लोक म्हणतील, आपल्या माणसाला सोडलं. कोल्हापूरहून बाहेरचा सर्व्हेयर मागवू, कॉलनी सगळी तोच तपासेल."

"बरोबर आहे साहेब."

"तसं पत्र तुम्हीच तयार करा."

नानांनी मजकूर लिहून दिला, मी टाईप केला. स्वतःच्या दारात स्वतःच फौजदार बोलवायचा तो कागद. माझी बोटं चालत नव्हती, डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. नानांनी तो वाचला आणि माझ्याकडे परत दिला.

"कॉलनीचं स्पेलिंग चुकलंय बाय. परत मार."

*

कॉलनीत निवृत्त हेडमास्तर जोगळेकर राहत. मास्तरांना शंका आली की तिचं समाधान झाल्याशिवाय ते उठत नसत, आणि समाधान कधी होत नसे. त्यांची पॉलिसी अजून थोडे महिने चालू होती. एक दिवस ते ऑफिसात येऊन बसले.

"मॅनेजरसाहेब," मास्तर म्हणाले, "वादळाने घर पडलं तर भरपाई मिळते?"

"मिळते."

"आणि वाळू खराब म्हणून आपोआप पडलं तर?"

"नाही मिळत. तो बांधकामातला दोष."

"असं. मग वादळ चालू असतानाच घर आपोआप पडलं तर?"

साहेबांनी नानांकडे पाहिलं. नानांनी छताकडे पाहिलं. आमच्या ऑफिसचं छत कौलारू होतं.

"मास्तर," साहेब म्हणाले, "मग तुम्हाला वादळ साक्षीला आणावं लागेल."

मास्तरांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून छत्री घेऊन रोज बंदरावर, बावटा लागलाय का बघायला. वादळाचा इशारा म्हणून बंदरावर बावटा चढवतात ना, तो. हळूहळू कॉलनीतले आणखी दोघंतिघं त्यांच्याबरोबर जायला लागले. होडीवाल्यांना कळेना की ही पांढरपेशी माणसं रोज येऊन बावट्याकडे का बघतात. एकाने शेवटी विचारलं, "मास्तर, तुमची होडी बाहेर गेलीय काय?"

"नाही रे," मास्तर म्हणाले, "माझं घर बाहेर जायचंय."

होडीवाल्याने त्यांना धरून सावलीत बसवलं आणि सरबत दिलं.

*

मग कोल्हापूरचे चौगुले आले. बुटकेसे, भरघोस मिश्या, हातात एक लहान हातोडी आणि खांद्याला कातडी पिशवी. हा माणूस स्लॅबवर टकटक करायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. चांगला स्लॅब खणखणीत वाजतो. खराब असला की बद बद आवाज येतो. तो आवाज आला की चौगुले डोळे उघडायचे, आणि घरातली माणसं मिटायची.

पहिलं घर मास्तरांचं. चौगुले यायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी हॉलला आतून कापडाचं छत ताणून बांधलं होतं, लग्नात मांडवाला बांधतात तसं. झालर, मध्ये कागदी फूल, सगळं.

"काय कार्य आहे घरात?" चौगुल्यांनी विचारलं.

"सत्यनारायण," मास्तर म्हणाले.

"कधी?"

"झाला."

आतून पोह्यांच्या बशा आल्या. कोकणातले पोहे, वर खोबऱ्याचा ढीग. चौगुले खाता खाता वर बघत होते. मग त्यांनी बशी मांडीवर ठेवली, कोपऱ्यातली मास्तरांची छत्री घेतली आणि तिच्या टोकाने कापड जरासं वर ढोसलं. जोरात नाही हो, अगदी मांजराला उठवावं तसं. कापडाची एक बाजू सुटली, आणि तिच्यावर साचलेला सगळा स्लॅबचा चुरा सरसर करत खाली आला. अर्धा मास्तरांच्या डोक्यावर, अर्धा पोह्यांत.

मास्तरांच्या बायकोने तोंडावर पदर धरला होता. मी दारात वही घेऊन उभी, मनात घरं मोजत होते, कारण मास्तरांच्या नंतर चार घरं सोडून नानांचं घर होतं.

चौगुल्यांनी बशीकडे बघितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "खोबरं पुरं, म्हणालो होतो मी."

मास्तरांची पॉलिसी पुढे चालू करायला त्याच दिवशी नकार मिळाला. संध्याकाळी ऑफिसातून जाताना चौगुले जिन्यात थांबून साहेबांना म्हणाले, "दोष असल्याचा राग येत नाही हो. झालर लावतात त्याचा येतो."

नानांनी ते ऐकलं. त्या दिवशी फक्त एवढंच घर झालं, बाकीची पुढच्या खेपेला ठरली.

*

मधल्या दिवसांत मी एकदा नानांकडे जेवायला गेले. काकींनी बोलावलं होतं, फणसाची भाजी केली म्हणून.

घर बघितलंत तर दृष्ट लागावी असं. पुढे मोठा हॉल, मोझॅक फरशी, नवीन सोफा, भिंतीला गुलाबी रंग. आणि हॉलमध्ये एक माणूस नाही. सगळं घर मागच्या पडवीत राहत होतं. पडवीला कौलं होती, कारण ती नंतर उरल्यासुरल्या सामानातून काढलेली. तिथेच चूल, तिथेच अंथरुणं, तिथेच नानांची खुर्ची. स्वयंपाकघरात काही आणायला जायचं झालं तर हॉल ओलांडावा लागे, तेव्हा काकी पदर खोचून भिंतीच्या कडेकडेने भराभर जायच्या. मलाही म्हणाल्या, "मधनं नको हां, कडेनं ये."

पानं पडवीत मांडली. मला काही राहवलं नाही. मी म्हटलं, "काकी, एवढा हॉल रिकामा, आणि आपण इथे?"

"हॉल पाहुण्यांसाठी ठेवलाय," काकी म्हणाल्या.

"मग मी कोण?"

काकींनी माझ्या पानात भाजी वाढली, नको म्हणेपर्यंत.

"तू घरची. म्हणून तर पडवीत."

मी जेवायला लागले. आतून एकदा ढप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज आला. कुणी वर बघितलं नाही. नानांनी ताक मागितलं.

*

आणि मग तो आला. ठेकेदार.

पांढरी सफारी, बोटात अंगठ्या, मागे सेंटचा लोट. स्वतःचं नवीन दुमजली घर झालं होतं, त्याचा विमा उतरवायचा होता. साहेब नेमके बाहेर गेलेले. घरांचे विमे नानांकडे, तेव्हा तो सरळ नानांच्या समोर येऊन बसला.

माझं टायपिंग थांबलं. खालच्या काजूवाल्याचा भाऊ वर सुट्टे मागायला आला होता, तो जिन्यातच थबकला. नानांच्या टेबलावर जाडजूड लोखंडी पेपरवेट होता. मला देवाशपथ वाटलं की आता नाना तो उचलतात.

नानांनी कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"नाव?"

त्याने सांगितलं.

"भिंती?"

"चिऱ्याच्या."

"छप्पर?"

"स्लॅब. एक नंबर."

"वाळू कुठली?"

"नदीची. राजापूरहून आणवली, अर्जुनेची. दोन पाण्यांनी धुऊन घेतली, स्वतः उभा राहून." एवढं बोलून त्याला आपण काय बोललो ते कळलं असावं. तो जरासा हसला. "बाकी तुमचं घर मजेत ना, सावंत?"

नाना लिहीत होते. मला माझ्या जागेवरून कागद दिसत होता. अक्षर एक वाकडं नाही.

"घर मजेत आहे," नाना म्हणाले. "आम्ही पडवीत आहोत. इथे सही करा."

तो गेल्यावर मी भडकले. म्हटलं, "नाना, तुम्ही माणूस आहात की कोण? त्याच्या टाळक्यात घालायचा होता तो पेपरवेट. मी सांगितलं असतं, माझ्याच हातून पडला."

नाना म्हणाले, "बाय, त्याचं घर चांगलं आहे गो. वाळू धुतलेली आहे." आणि उठून गॅलरीत गेले. बराच वेळ आले नाहीत. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं, म्हणून मी कप कठड्यावर ठेवून परत आले.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी नेहमी शेवटी ठेवते.

चौगुल्यांची दुसरी खेप. त्या दिवशी नानांच्या घराची तपासणी. पॉलिसी संपायला थोडेच दिवस राहिलेले. साहेब, चौगुले आणि मी, तिघं रिक्षाने गेलो.

अंगणात पाय ठेवला आणि दारातूनच मला हॉल दिसला. वर बघते तर स्लॅब आरशासारखा. एक डाग नाही, एक ढपला नाही. मी समजले. नानांनी गवंडी आणून खालून सगळा मुलामा मारून घेतला होता. नाना सावंतांनी! ज्या माणसाने कधी ऑफिसची टाचणी घरी नेली नाही, त्याने. ते दारात उभे होते, माझ्याकडे बघत नव्हते.

अंगणात तुळशीपाशी नानांचे वडील बसले होते, आबा. नानांची आई गेल्यापासून गावच्या घरात ते एकटेच राहत. आदल्या दिवशी एसटीने आले होते, कुणी बोलावलं नव्हतं. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मुंडासं. गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा.

चौगुल्यांनी पिशवीतून हातोडी काढली. आबा उठून आडवे आले.

"जरा थांबा सायबानु. घराला लोखंड लावायचा तर आदी जागेवाल्याला सांगाय होवा."

चौगुल्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब सांगलीचे, त्यांना गाऱ्हाणं काय ते ठाऊक नाही. मी हळूच सांगितलं, की जागा राखणाऱ्या देवाची प्रार्थना असते, एकजण बोलतो आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. साहेबांनी बूट काढले. शेजारून मयेकर आले, मास्तर आले. आबांनी तुळशीपुढे नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं.

"बा जागेवाल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणालो.

"आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाशी जमलीत, कोल्हापूरसून मोठो सायब आलो हाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथवर ठीक चाललं होतं. चौगुल्यांनीही हात जोडले होते. पण गाऱ्हाण्यात काही राखून ठेवायचं नसतं. देवाला मागायचं तर आधी सगळं सांगायचं, आणि आबांनी जन्मात अर्धं गाऱ्हाणं घातलं नव्हतं.

"ह्या माज्या झिलान हय घर बांधलान. बापान कौलां घाल म्हनून सांगितलान, तर त्यान आयकलान नाय, सिलाप घातलान, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"ठेकेदारान खारी रेव घातलान, ती धुतलान नाय. आतला लोखंड कुजून गेला, रे म्हाराजा!"

मयेकरांनी सवयीने म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग त्यांनाच कळलं. मास्तर खोकले. आता खरी पंचाईत नानांची. गाऱ्हाणं ज्याच्या घराचं, त्याचा आवाज आलाच पाहिजे, नाहीतर अपशकुन. आबा डोळे मिटून थांबले होते. पुढे जाईनात.

"व्हय म्हाराजा," नाना म्हणाले.

"पोरांबाळांच्या अंगावर ढपले पडतत. घरातली मानसां भिऊन पडवीत निजतत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

मी काकींचा हात धरला. साहेबांची मान खाली गेली होती. चौगुले मात्र डोळे मिटूनच उभे होते, स्लॅब ऐकताना उभे राहायचे तसे.

"नोकरीच्या, कर्जाच्या धाकान परवा गवंडी आनलान, आनि कुजका होता ता झाकून ठेवलान, रे म्हाराजा!"

आबा थांबले. नानांच्या तोंडून आवाज फुटेना. ओठ हलत होते नुसते. साऱ्या जन्माची अब्रू त्या दोन शब्दांत होती, आणि ते म्हटले की घर गेलं.

"व्हय म्हाराजा," नाना म्हणाले, आणि त्यांचा बांध फुटला. एवढा मोठा माणूस, अंगणात उभ्या उभ्या लहान पोरासारखा रडला.

आबांनी डोळे उघडले नाहीत, फक्त आवाज चढवला. "तर बा म्हाराजा, ज्या काय चुकलामाकला आसंल ता पदरात घे, आनि हय वरचा वझा माज्या लेकरांच्या डोक्यावरसून उतरव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज चौगुल्यांचा होता.

नारळ फुटला. चौगुल्यांनी डोळे पुसले.

"सावंत," ते म्हणाले, "आता मला आत जाऊन वाजवायची गरज नाही. स्लॅब नापास. त्या स्लॅबखालच्या घराला मी विमा देऊ शकत नाही. माझा इलाज नाही हो."

नानांनी मान हलवली.

आबा चौगुल्यांपुढे गेले आणि हात पुढे केला. "सायबानु, तो हातोडो जरा देशाल?"

"कशाला आबा?"

"आत्ताच मागितला ना, वझा उतरव म्हनून. आता तो काय सोता येनार हाय?"

आणि धोतराचा काचा मारून म्हातारा भिंतीला लावून ठेवलेल्या गवंड्याच्या शिडीकडे निघाला. पहिल्यांदा हलल्या त्या काकी. "देव," त्या म्हणाल्या, "आधी देव भायर काढा." त्यांनी आणि मी देव्हारा उचलून अंगणात आणला, मग सोफा, मग बाकीचं, सगळं कडेकडेने. मयेकर घरी पळाले आणि पहार घेऊन आले. मास्तर छत्री घेऊनच उभे होते, त्यांना कुणी वर चढू दिलं नाही.

वरून पहिला घाव ऐकू आला. बद्द.

"अहो आबा, स्लॅबवर नको, भिंतीवर उभे राहा!" चौगुले ओरडले. "भिंत जांभ्याची आहे, तिला काय होत नाही!" मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, बाह्या सरसावल्या आणि स्वतःच शिडी चढले. त्यांच्यामागे मयेकर. त्यांच्यामागे डोळे पुसत नाना.

दिवस कलेपर्यंत अर्धा हॉल उघडा झाला होता. साहेब अंगणात धुळीने माखून उभे, हातात तपासणीचा कागद. नियमाचा माणूस, कागद कोरा ठेवून परत जाणार नाही.

"चौगुले," साहेबांनी खालून हाक मारली, "भिंती काय लिहू?"

"जांभा! उत्तम!"

"आणि छप्पर?"

पहारीचा आवाज थांबला. चौगुल्यांनी भिंतीवरून खाली वाकून बघितलं.

"कौलारू लिहा."

"अहो, पण कौलं कुठं आहेत?"

उत्तर पलीकडच्या भिंतीवरून आलं, हातोडीचा घाव न थांबवता.

"हायत," आबा म्हणाले. "गावाला माज्या घरावर हायत. उद्या उतरवतंय."

साहेबांनी लिहिलं, कौलारू.